खान्देशातील शीतकाल : हंगामी अंदाज आणि वैद्याची सिद्धता

नोव्हेंबर महिना संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा तापमानविषयक अंदाज प्रसिद्ध करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘यंदा थंडी कमी’ किंवा ‘यंदा कडाक्याची थंडी’ असा मथळा येतो. अनेकदा तेवढ्या एका ओळीवर औषधविक्रेता अवलेहांची व तेलांची मागणी ठरवतो आणि वैद्यही रुग्णाला हिवाळ्याचे पथ्य सांगू लागतो. त्या मथळ्यात अंदाजाचा अर्धाच अर्थ उतरलेला असतो, आणि खान्देशासारख्या कोरड्या प्रदेशात उरलेला अर्धा भाग रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. हा अंदाज कसा वाचावा, आपल्या शास्त्रातील कालविचाराशी त्याची सांगड कशी घालावी आणि त्यावरून चिकित्सालयात व औषधालयात कोणती सिद्धता ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

देशविचार

चरकसंहितेच्या अग्र्यसंग्रहात आरोग्यदायी देशांमध्ये मरुभूमीला श्रेष्ठ म्हटले आहे. खान्देश ही मरुभूमी नव्हे, परंतु त्याची प्रकृती जांगल देशाकडे झुकणारी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे धुळे जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरच्या, तर जळगाव जिल्ह्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चरकांनी कल्पस्थानात जांगल देशाच्या वर्णनात खदिर, धव, शल्लकी, बदरी, शमी हे वृक्ष सांगितले आहेत. खैर, धावडा, सालई, बोर आणि शमी आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी व माळांवर आजही आढळतात. अशा देशात वात व पित्त यांचे प्राबल्य असते, आणि येथील शीतकाल हा मुख्यतः रूक्ष शीतकाल असतो. कोकणातील हिवाळा सौम्य आणि सार्द्र, खान्देशातील तीव्र आणि शोषक. म्हणून इतर प्रदेशांतील ग्रंथांवरून किंवा कंपन्यांच्या पत्रकांवरून घेतलेली ऋतुचर्या येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

दुसरे वैशिष्ट्य दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतराचे. जळगाव येथे जानेवारीत पहाटेचे सरासरी किमान तापमान साधारण १२ अंश सेल्सिअस, तर दुपारचे कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास असते. आकाश निरभ्र असलेल्या दिवसांत हे अंतर २० अंशांपर्यंत जाते. पहाटे हेमंत आणि दुपारी जणू वसंताचा शेवट, असे दोन काल एकाच दिवसात अनुभवास येतात. पहाटे कापूस वेचायला निघालेली स्त्री स्वेटर, रुमाल व कानपट्टी घालून जाते आणि दुपारी त्याच शेतात घामाघूम होते. हंगामाच्या सरासरीत हा चढ-उतार दिसत नाही, पण प्रतिश्याय, कास आणि तमकश्वासाचे रुग्ण मात्र त्यातूनच येतात.

थंडी येते कोठून

उत्तर भारतातील हिवाळ्याचे मुख्य कारण पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या वातप्रणाली हिमालयात बर्फ व पंजाब-राजस्थानात पाऊस देतात. विक्षोभ जवळ असताना आपल्याकडे ढग येतात व रात्रीचे तापमान वाढते. तो पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून वायव्येचे व उत्तरेचे थंड, कोरडे वारे राजस्थान आणि पश्चिम मध्य प्रदेशातून खाली उतरतात. थरच्या वाळवंटी पट्ट्यात हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास येतो. राजस्थानातील ज्या चुरू येथे जून २०१९ मध्ये ५० अंशांहून अधिक तापमान नोंदले गेले, तेथेच हिवाळ्यात पारा गोठणबिंदूखाली जातो. कोरडी जमीन आणि कोरडी हवा जशी लवकर तापते तशीच लवकर निवते. वाळवंटाचा हा स्वभाव सौम्य प्रमाणात खान्देशातही दिसतो.

आकाश निरभ्र, वारा मंद व हवेत बाष्प कमी असेल तर दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री वेगाने निघून जाते. थंड हवा जड असल्यामुळे सखल भागात साठते. म्हणूनच तापी व गिरणेच्या काठची शेते, नाल्यांचे खोलगट भाग आणि मोकळी शिवारे गावठाणापेक्षा अधिक थंड असतात. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, छायेत ठेवलेला असतो, आणि जमिनीलगतचे तापमान निरभ्र रात्री त्याहून आणखी काही अंश खाली जाते. केळी उत्पादकांना याचा अनुभव आहे. पारा १० अंशांखाली राहिला की केळीची वाढ मंदावते आणि पानांवर व घडांवर परिणाम दिसतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तर काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या आसपास व त्याखालीही किमान तापमान नोंदले गेले आहे. वर्तमानपत्रात जळगावचा आकडा ९ अंश असेल, तर त्या रात्री धरणगावच्या शिवारात उघड्यावर काम करणाऱ्याने सोसलेली थंडी त्याहून अधिक असते, हे वैद्याने गृहीत धरावे.

हंगामी अंदाज वाचावा कसा

या अंदाजाविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, तो संभाव्यतेच्या भाषेत असतो. गेल्या तीस वर्षांच्या नोंदींवरून (सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड प्रमाण मानला जातो) तापमानाचे ‘सरासरीहून अधिक’, ‘सरासरीएवढे’ व ‘सरासरीहून कमी’ असे तीन समान भाग पाडलेले असतात. काहीच पूर्वसूचना नसेल तर प्रत्येकाची शक्यता सुमारे ३३ टक्के. नकाशावर एखाद्या प्रदेशाला ‘अधिक’ तापमानाची ५५ टक्के शक्यता दाखवली असेल, तर उरलेली ४५ टक्के शक्यता अन्य दोन भागांची असते. ‘यंदा थंडी नाही’ असा निर्णय त्यातून निघत नाही.

दुसरी, तो तीन महिन्यांच्या सरासरीविषयी असतो. ऐंशी उबदार रात्री व दहा अतिशीत रात्री मिळून सरासरी ‘अधिक’च येईल, पण वृद्ध रुग्णाला त्रास त्या दहा रात्रींत होणार आहे. म्हणून विभाग थंडीच्या लाटेच्या दिवसांविषयी वेगळे विधान करतो, ते आवर्जून पाहावे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली आले तर थंडीची लाट, आणि ६.४ अंशांहून अधिक खाली गेले तर तीव्र लाट मानतात. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर आला तरी लाट आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट समजली जाते. एखाद्या ठिकाणची सरासरी १२ अंश धरली, तर ७.५ अंशांवर लाटेची मर्यादा येते.

तिसरी गोष्ट प्रदेशाची. हवामान विभागाच्या रचनेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. त्याच उपविभागात नाशिक, पुणे, सातारा, सोलापूर आणि थेट कोल्हापूरही आहे. कोल्हापूर व धरणगाव यांचा हिवाळा एक नाही. म्हणून उपविभागाचे विधान दिशादर्शक समजावे आणि प्रत्यक्ष निर्णयासाठी जिल्हावार पूर्वानुमान व इशारे पाहावेत. दर गुरुवारी येणारा पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज औषधालयाच्या नियोजनाला, तर पाच-सात दिवसांचा अंदाज चिकित्सालयाला अधिक उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट ‘ला निना’ व ‘एल निनो’ यांची. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागाचे पाणी सरासरीहून थंड झाले की ला निना, उष्ण झाले की एल निनो. ला निनाच्या वर्षी उत्तर व मध्य भारतात थंडी अधिक पडण्याकडे कल असतो. पण तो केवळ कल आहे. २०२० पासून सलग तीन हिवाळे ला निनाचे होते, आणि त्यांतील तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी २०२३ मध्ये, देशातील सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारींमध्ये सर्वाधिक ठरले. पुढे २०२४ हे वर्ष देशात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष नोंदले गेले. शिशिराचा उत्तरार्ध आखडत चालला आहे, ही बाब ऋतुचर्या सांगणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली पाहिजे.

हीन, अति आणि मिथ्या योग

काल, अर्थ व कर्म यांचे हीन, मिथ्या व अति योग हे रोगांचे कारण, हा आपल्या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे. शीतकालात शीत कमी पडणे हा हीनयोग, फार पडणे हा अतियोग, आणि ऋतुलक्षणाच्या विपरीत काही घडणे, म्हणजे थंडीच्या दिवसांत पाऊस, गारपीट किंवा उष्मा, हा मिथ्यायोग. हवामान विभागाच्या तीन भागांपैकी ‘कमी तापमान’ म्हणजे शीताचा अतियोग व ‘अधिक तापमान’ म्हणजे हीनयोग, अशी संगती लावता येते. मिथ्यायोगाला मात्र तापमानाच्या त्या नकाशात जागा नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत राज्याच्या अनेक जिल्ह्यांत झालेली गारपीट किंवा नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्राला झोडपणारा अवकाळी पाऊस ही त्याची उदाहरणे होत. म्हणून हंगामी अंदाज हीन व अति योगांसाठी पाहावा, मिथ्यायोगासाठी मात्र दर आठवड्याला आकाशाकडे व साप्ताहिक अंदाजाकडे लक्ष ठेवावे.

अतियोगात अग्नी प्रबळ असतो. त्याला योग्य इंधन न मिळाल्यास तो रसधातूचे शोषण करतो व वायू प्रकुपित होतो. खान्देशात मूळचे रौक्ष्य असल्यामुळे हा क्रम लवकर घडतो. संधिशूल, कटिशूल, पाददारी, त्वचेची खाज, मलावष्टंभ व अर्दित यांचे रुग्ण वाढतात. येथील परंपरागत आहार या दृष्टीने विचारपूर्वक घडला आहे. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, तेलाची धार घातलेले वांग्याचे भरीत, बाजरी व तूप, तीळ, गूळ, लसूण हे सर्व हेमंताला साजेसे आहे. ज्वारी-बाजरी स्वतः रूक्ष आहेत, त्यामुळे त्यांच्यासोबतचा स्नेह हा पथ्याचाच भाग आहे. ‘चरबी नको’ म्हणून कोरडी भाकरी खाणाऱ्या वातप्रकृतीच्या रुग्णाला हे समजावून सांगावे.

हीनयोगात चित्र उलटे असते. थंडी पडत नाही, अग्नी अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, पण सवयीने मेथीचे व डिंकाचे लाडू, उडदाचे पदार्थ आणि अवलेह चालूच राहतात. परिणामी अजीर्ण, आमोत्पत्ती व कफसंचय होतो. त्यावर फेब्रुवारीचे ऊन अकाली तापले की कफविलयन वसंताची वाट न पाहता सुरू होते, आणि कास, प्रतिश्याय, ज्वर व श्वासाचे रुग्ण माघातच येऊ लागतात. अशा वर्षी बृंहण द्रव्ये भुकेच्या प्रमाणात द्यावीत, सकाळी सुंठीचे पाणी सुचवावे आणि वासंतिक वमनाची पूर्वतयारी मास न मोजता लक्षणे पाहून करावी.

मिथ्यायोगात, म्हणजे ढगाळ व पावसाळी दिवसांत, अग्नी मंद होतो. शोधनपूर्व स्नेहपान साधारण ऋतूत व सूर्य निर्मळ असताना करावे आणि शीतकालात तातडीच्या प्रसंगी तैल द्यावे, असे वाग्भटांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. अवकाळी ढग आलेले असताना पंचकर्माचे ठरलेले दिवस पुढे ढकलण्यास संकोच करू नये. ऋतू बिघडला की औषधी व जल बिघडतात, हा सुश्रुतांचा इशाराही येथे लागू पडतो. गारपिटीने मार खाल्लेली किंवा भिजून बुरशी धरलेली वनस्पती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

पंचांगाच्या मासावर सर्वस्वी विसंबू नये, याचे एक गणिती कारणही आहे. २०२२ मध्ये मार्गशीर्ष २४ नोव्हेंबरला सुरू झाला, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये तो १३ डिसेंबरला. एकोणीस दिवसांचा हा फरक हवेला माहीत नसतो. शास्त्रकारांनी मासांबरोबर ऋतूंची लक्षणे सविस्तर दिली आहेत, ती पडताळून पाहण्यासाठीच.

चिकित्सालयातील सिद्धता

थंडीची लाट बहुधा काही दिवसांचीच असते, पण तिचा भार ठरावीक लोकांवर पडतो. खान्देशात अशा लोकांत पहिला येतो तो रात्री शेतात पाणी भरणारा शेतकरी. कृषिपंपाची वीज रात्री मिळाली की गहू, हरभरा व केळीला पाणी देण्यासाठी त्याला ऐन थंडीत चिखलात उभे राहावे लागते. त्याला ‘थंडीत बाहेर पडू नका’ असे सांगणे निरर्थक आहे. निघण्यापूर्वी पायांना तिळाचे तेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोरड्या कपड्यांचा जोड, मध्यरात्री काही गरम खाणे आणि घरी आल्यावर लगेच पाय कोरडे करून शेक, एवढे सांगितले तर तो ते पाळू शकतो. कापूस वेचणाऱ्या स्त्रिया, वीटभट्टीवरील कुटुंबे व ऊसतोड मजूर यांचाही असाच स्वतंत्र विचार करावा.

अभ्यंगाची वेळ येथे महत्त्वाची आहे. पहाटे ८-९ अंशांत उघड्या अंगाने तेल लावण्यापेक्षा सकाळी दहानंतर, ऊन अंगावर घेत, कोमट तेलाने अभ्यंग करणे वृद्धांना सोसते. बला तैल किंवा महानारायण तैल, त्यानंतर नाडीस्वेद, आणि आभ्यंतर दशमूळ क्वाथ, रास्नासप्तक किंवा योगराज गुग्गुळ ही नेहमीची योजना दोष व बल पाहून करावी. कासात वात व कफ यांचा भेद करूनच सितोपलादी व तालीसादी यांची निवड करावी. रूक्ष हवेतील कोरडा खोकला केवळ कफघ्न व तीक्ष्ण औषधांनी वाढतो.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. म्हणून रक्तदाब व हृद्रोगाच्या रुग्णांची तपासणी डिसेंबरच्या आरंभीच करावी, त्यांची चालू औषधे बंद होऊ देऊ नयेत आणि भल्या पहाटेचे फिरणे लाटेच्या दिवसांत उशिरा करण्यास सांगावे. छातीत दुखणे, एका बाजूचे बल जाणे, वाणी अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्ण विनाविलंब रुग्णालयात पाठवावा. अर्दितातही पक्षाघात नाही ना, याची खात्री प्रथम करावी. नवजात व कमी वजनाच्या बालकांना मातेच्या अंगाशी उबेत ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे.

एक धोका विशेष सांगितला पाहिजे. ग्रंथांत हेमंतासाठी उष्ण गर्भगृहाचे वर्णन आहे. आजच्या बंद, सिमेंटच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायूला आमंत्रण होय. त्याला वास नसतो व झोपेतच मृत्यू येतो. शेगडीवर शेक घ्यावा, पण झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवावी, हे प्रत्येक घरी सांगावे. सूतिकेच्या खोलीत तर शेगडीची प्रथा असल्याने अधिकच.

औषधशाळा व औषधालय

शीतकालाचा परिणाम औषधांवरही होतो. आसवारिष्टांचे संधान उबेवर अवलंबून असते. रात्रीचे तापमान दहा अंशांवर आले की किण्वन मंदावते आणि नेहमीच्या मुदतीत ते पूर्ण होत नाही. धान्यराशीत किंवा भूमीत पात्र पुरण्याची जुनी रीत तापमान स्थिर राखण्यासाठीच होती. आज पात्रांभोवती भुसा व गोणपाट गुंडाळावे, ती उत्तरेकडील भिंतीपासून दूर ठेवावीत आणि दिवस मोजण्याऐवजी सिद्धिलक्षणे तपासावीत. पात्राच्या तोंडाशी धरलेली जळती काडी विझली तर संधान अद्याप चालू आहे असे समजावे. अर्धवट संधान झालेले अरिष्ट बाटलीत भरले तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बाटल्या उसळतात. हा तोटा टाळता येण्यासारखा आहे.

कोरड्या हवेत वटी वरून लवकर सुकतात व आत ओलसर राहतात. त्यामुळे त्यांना तडे जातात. त्या उन्हात किंवा थेट वाऱ्यावर न वाळवता छायेत, कापडाखाली वाळवाव्यात. चूर्णे दळून भरण्यास मात्र हाच काळ उत्तम, कारण दमटपणा नसतो. घृते गोठतात, खोबरेल तेलावर सिद्ध केलेली तेले साधारण २४ अंशांखाली घट्ट होतात आणि मधात साखरेसारखे कण धरतात. ग्राहक हे भेसळीचे लक्षण समजून परत आणतो. बाटली कोमट पाण्यात ठेवण्याची सूचना विक्रीच्या वेळीच दिल्यास वाद टळतो. मध मात्र तापवू नये.

द्रव्यसंग्रहासाठीही हा काळ महत्त्वाचा आहे. चरकांनी मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, तर वृक्षांचा सार हेमंतात घ्यावा असे सांगितले आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ताजा आवळा बाजारात येतो, त्यामुळे च्यवनप्राश सिद्ध करण्याचा काळही हाच. आमलकी चूर्णाला माघ किंवा फाल्गुनात ताज्या स्वरसाच्या एकवीस भावना देण्याचा कल्प चरकांच्या रसायनाध्यायात आहे, आणि त्या काळात ताजे फळ मिळणे हे त्यामागचे व्यावहारिक कारण दिसते.

साठ्याविषयी एक सूचना. संपूर्ण हंगामाची खरेदी दिवाळीत एकदाच करू नये. तिचे तीन हप्ते करावेत. पहिला दिवाळीनंतर, नित्य लागणाऱ्या तेलांचा, क्वाथांचा व अवलेहांचा. दुसरा डिसेंबरमध्ये, हंगामी व विस्तारित अंदाज पाहून. तिसरा जानेवारीच्या अखेरीस, त्यात बृंहणाऐवजी कास-प्रतिश्यायाच्या औषधांवर भर. उबदार हिवाळ्यात न खपलेला अवलेह उन्हाळ्यात ४५ अंशांच्या दुकानात पडून राहतो, आणि कडक हिवाळ्यात नेमके वाताचे तेल संपलेले असते. या दोन्ही अडचणी हप्त्यांनी बऱ्याच अंशी दूर होतात. अवलेह देताना मधुमेह व आसवारिष्टे देताना यकृद्विकार विचारण्याची शिस्त औषधालयानेही पाळावी.

स्थानिक नोंदींची आवश्यकता

वरील विवेचनाचा मथितार्थ असा की हंगामी अंदाज हे वैद्याला मिळालेले एक नवे निदानसाधन आहे. ते शक्यता सांगते, निर्णय मात्र देश, काल व रुग्ण पाहून वैद्यानेच घ्यायचा असतो. त्यासाठी आपल्याकडे उणीव आहे ती स्थानिक नोंदींची. कमाल व किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक उत्तराभिमुख ओसरीत, छायेत, चार फूट उंचीवर लावून रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहिणे प्रत्येक चिकित्सालयाला शक्य आहे. त्याच ओळीत त्या दिवशी आलेल्या कास, श्वास, संधिशूल व अर्दित यांच्या रुग्णांची संख्या लिहावी, आणि आकाश निरभ्र की ढगाळ, हे एका शब्दात. धरणगाव, एरंडोल, अमळनेर, चोपडा, पारोळा आणि धुळे येथील दहा-बारा वैद्यांनी सलग तीन हिवाळे ही नोंद ठेवली, तर खान्देशात किती अंशांवर व लाटेच्या कितव्या दिवशी रुग्ण वाढतात, हे आपणच सांगू शकू. या कार्तिकापासून वहीला आरंभ करावा आणि फाल्गुनाच्या अखेरीस सर्वांनी आपापल्या नोंदी एकत्र आणाव्यात, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.